मुंगीचं सेशन

लाइट जाऊन बराच वेळ झाला होता. गच्चीवर सतरंजी पसरून पोरं आपापल्या मोबाइलची बॅटरी जपत बसली होती. मामांनी भिंतीला पाठ टेकवली.

"माझ्या भाचीच्या बाबतीत घडलंय हे. गेल्या थंडीत, शनिवारी रात्री, साडेअकराच्या पुढे. मधे मधे 'पण कसं?' विचारायचं नाही."

"भूत कुठलं, मामा?" धाकटीनं विचारलं.

"कॉम्प्युटरमधलं."

सगळी हसली. मामा हसले नाहीत.

भाचीचं नुकतंच लग्न झालेलं. नवरा एका कंपनीचे सर्व्हर घरबसल्या सांभाळायचा. त्या दिवशी तो आईला मावशीकडे पोचवायला गेला, लॅपटॉप घरीच ठेवून. रात्री बसमधून त्याचा फोन आला.

"ऐक ना, जुन्या सर्व्हरवरचं सगळं नव्यावर कॉपी होतंय. टीमक्समध्ये लावलंय. आत जाऊन फक्त बघ, चालू आहे का. उद्या सकाळी जुनं मशीन कायमचं बंद होणार. काही राहिलं तर माझी नोकरी गेली समज."

"आणि बाहेर कशी येऊ?"

"सोडून यायचं, बंद नाही करायचं. 'किल'नं सुरू होणारं काही म्हणजे काही लिहू नकोस. किल-सेशन तर चुकूनही नको."

काय करू नये हे सांगता सांगता माणूस ते कसं करावं हेही शिकवून जातो.

टीमक्स म्हणजे, पोरांनो, दूरच्या मशीनमध्ये उघडलेली एक खोली समजा. आत काम लावायचं आणि दार ओढून घ्यायचं. तुमचा लॅपटॉप बंद झाला, लाइट गेली, तरी आत काम चालूच. पुन्हा जाल तेव्हा सगळं जागच्या जागी. त्या खोलीला म्हणतात सेशन. दोघं एकाच सेशनमध्ये शिरले, तर दोघांना एकच पडदा दिसतो, आणि ज्याची खिडकी लहान, तिच्या मापाचा.

या सेशनचं नाव होतं 'मुंगी'.

मुंगी म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातली जोडीदारीण. वहीएवढा लॅपटॉप घेऊन दिवसभर कामात, म्हणून मुंगी. वर्षापूर्वी तिला ट्रकनं उडवलं. तिनं उघडलेलं सेशन मात्र तसंच राहिलं, आणि नवरा त्यातच काम करायचा. "नवीन उघड की," भाची दोनदा म्हणाली होती. "सवय आहे गं," एवढंच उत्तर.

सवय! आता मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? जिवंत असती तर निदान नाकीडोळी कशी आहे ते तरी बघून घेतलं असतं.

भाची आत शिरली. पडद्याच्या वरच्या भागात कॉपी चालू होती. खालचा भाग मोकळा. तिचं बघायचं काम झालं होतं. सोडून यायचं, बस्स. पण तिनं खालचा भाग मागे सरकवला. जुने हुकूम दिसले, आणि मधे मधे # लावून लिहिलेल्या ओळी. # लावलं की मशीन त्या ओळीकडे लक्ष देत नाही. तिथे ही दोघं बोलायची.

# जेवलास का?
# तू हो पुढे, मी बघते.
# मुंगे, तू नसतीस तर मी मेलो असतो.

हे वाक्य त्याचं. भाचीला लग्न झाल्यापासून त्यानं "भाजी छान झालीय" याच्या पलीकडे काही म्हटलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी जाईल तर जाऊ दे, पण ही सवत घरात नको.

पडदा सरकवत ती पुन्हा शेवटच्या ओळीवर आली. बोटं किल-सेशनवर गेली...

आणि पडदा आक्रसला.

कडेनं नुसते ठिपके. मधे वहीएवढा चौकोन.

दुसरं कुणीतरी आत आलं होतं.

नवराच असणार, मोबाइलवरून. तिनं फोन लावला. "मी कसा येईन? रेंज जेमतेम... हॅलो? चालू आहे ना काम?"

तो बोलत असतानाच चौकोनात अक्षरं उमटली.

# कोण?

फोन कटला.

भाचीनं लिहिलं.

# त्याची बायको.

मग...

# बंद करू नका. काम अर्धं आहे.

'नका' म्हणे! त्याला अरे-तुरे, आणि मला अहो-जाहो. परकी ना मी!

भीती मागे राहिली. बोटं पुढे गेली.

किल-सेशन. एंटर.

चौकोन गेला. ठिपके गेले. कॉपीही गेली.

तेव्हा तिला कळलं, आपण काय केलं ते. पुन्हा कसं लावायचं, ठाऊक नाही. फोन लागेना. तिनं लॅपटॉप मिटला, घराला कुलूप लावलं आणि समोरच्या काकूंकडे जाऊन पडली. झोप कसली येते...

सकाळी नवरा आला. चप्पल काढायच्या आधी लॅपटॉप उघडला. भाची दाराशीच उभी. त्याला कसं सांगायचं?

"अगं..."

तिनं डोळे मिटून घेतले.

"अगं, पूर्ण झालंय! आणि फाइल न् फाइल जुळवूनसुद्धा बघितलीय. हे मी तुला कधी शिकवलं? पहाटेपर्यंत बसली होतीस? कमाल आहे तुझी!"

लग्नानंतरचं, भाजीपलीकडचं पहिलं कौतुक. तेही दुसरीच्या कामाचं.

"आणि जुनं बंद करून नवीन सेशन उघडलंस, ते एक बरं केलंस," तो हसत म्हणाला. "पण नाव काय दिलंस हे? 'वहिनी'? स्वतःच स्वतःला?"

मामा थांबले.

धाकटी सतरंजीवरून त्यांच्या जवळ सरकली.

"भाचीचा नवरा एकुलता एक," मामा हळूच म्हणाले. "तिला ना दीर, ना नणंद. वहिनी म्हणणारं त्या घरात... कुणीच नाही."