गारघरातली शहाणी मुलं

जळगावजवळच्या केळीबाग वसाहतीत मंगळवारपासून एक चमत्कार घडत होता. पाळणाघरातली मुलं शहाण्यासारखी वागू लागली होती.

साल २०६३. बाहेर बावन्न अंश तापमान, म्हणून पाळणाघर गारघरात (यंत्रानं थंड ठेवलेल्या मोठ्या तळघरात) भरायचं. सतरंजीवर सतरा मुलं. एरवी तिथं इतका दंगा चाले की सांभाळणाऱ्या कुमुदताई कानात कापूस घालून उंच खुर्चीवर बसायच्या. आता सतराच्या सतरा मुलं गपगार. रडणं नाही, चावणं नाही, दुसऱ्याच्या डोक्यात ठोकळा हाणणं नाही. मोठ्यांना इतका आनंद झाला की वसाहतीच्या समितीनं पाळणाघराला ‘आदर्श शांतता ढाल’ जाहीर करून टाकली.

दोन वर्षांची मुलं गप्प का झाली, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. घरातला पंखा गप्प झाला, तर हीच माणसं तीन फोन करतात.

केतकी टेंभुर्णेला सुचलं. ती दहा वर्षांची, आणि त्या सतरांतला पिल्या तिचा धाकटा भाऊ. पिल्या जागेपणी पाच मिनिटं गप्प बसल्याची इतिहासात नोंद नव्हती. केतकी त्याच्याशेजारी सतरंजीवर आडवी पडली. थोड्याच वेळात तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांवर झापड आली. उठून उभी राहिली, तर हळूहळू बरं वाटलं.

ती तडक ऐकनाथकडे गेली. ऐकनाथ म्हणजे वसाहतीच्या तक्रारी नोंदवणारा यंत्रमानव.

“खूप छान, केतकी,” सगळं ऐकून तो म्हणाला. “तुझी कल्पनाशक्ती अफाट आहे. हा घे, हसऱ्या हत्तीचा स्टिकर.”

तीन दिवसांत केतकीनं अकरा वेळा तक्रार केली. अकरा हत्ती मिळाले. आई म्हणाली, “तू ना, जरा जास्तच विचार करतेस.” अध्यक्ष दुसानेकाकांनी तर काही न ऐकताच गालगुच्चा घेतला.

बाराव्या वेळी तिनं हत्ती घेतला नाही.

“माझ्या तक्रारींचं तू करतोस काय?”

“अठरा वर्षांखालच्यांच्या तक्रारी ‘बालआनंद’ पेटीत जातात,” ऐकनाथ म्हणाला. “त्यातल्या गोड गोड बालदिनाला वाचून दाखवतात. टाळ्या पडतात.”

“बालदिन नोव्हेंबरात असतो. हा मे चाललाय.”

“हो. टाळ्यांना अवकाश आहे.”

“गारघरातली हवा तरी तपासतोस का?”

“रोज. माझ्या कपाळात संवेदक (हवेत कोणता वायू किती आहे, ते ओळखणारा भाग) आहे. साडेपाच फुटांवरची हवा उत्तम आहे.”

“आणि जमिनीजवळची?”

“तिथं कोण राहतं?”

“माझा भाऊ,” केतकी दात आवळून म्हणाली.

“प्रमाण नागरिक (ज्याच्या मापानं सगळं बांधतात, तो कल्पनेतला माणूस) साडेपाच फुटांचा आहे. तुझा भाऊ त्याच्या मांडीला लागतो.”

“मग वाक आणि बघ.”

“मला फक्त थोरांच्या पाया पडण्यापुरतं वाकता येतं. लहानांसमोर वाकायची सोय माझ्यात बसवलेली नाही.”

केतकीचे कान रागानं लाल झाले. पण रागात एक बरं असतं, डोकं भराभर चालतं. ती दुसानेकाकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“काका, ऐकनाथला तुमच्या पाया पडायचंय. आत्ता. पाळणाघरात.”

अकरा तक्रारींसाठी ज्यांना जिना उतरायला सवड झाली नव्हती, ते काका पाच मिनिटांत नवा झब्बा घालून हजर झाले.

केतकीनं बोलावून आणलेला ऐकनाथ वाकला. कपाळ काकांच्या अंगठ्यापर्यंत पोहोचलं आणि तिथंच थांबलं. काकांनी आशीर्वाद दिला. ऐकनाथ उठेना. काकांनी आणखी एक दिला.

“कार्बन डायऑक्साइड,” पायांशी आवाज आला. “बाहेरच्या हवेच्या साठपट. मुलांना बाहेर काढा.”

पुढची दहा मिनिटं नुसती धावपळ झाली. कुमुदताईंनी एका वेळी तीन मुलं उचलली. केतकीनं पिल्याला खांद्यावर टाकलं, तर त्याची मान लुळी पडली होती. वरच्या व्हरांड्यात, ओल्या पडद्यांच्या सावलीत पण मोकळ्या हवेत, सतरा मुलं ओळीनं निजवली. डॉक्टर आले. बऱ्याच वेळानं पिल्यानं डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि दुसानेकाकांच्या करंगळीला कडकडून चावा घेतला. तेव्हा कुठं केतकी रडली.

“झालं तरी काय?” आईनं विचारलं.

ऐकनाथनं सांगितलं. गारघर थंड ठेवण्यासाठी नळ्यांतून कार्बन डायऑक्साइड खेळवतात. सतरंजीमागची एक नळी गळत होती. हा वायू हवेपेक्षा जड. वारं असलं की तो हवेत मिसळून जातो. पण बंद तळघरात, हवा हलत नसली, तर बादलीत पाणी भरावं तसा तळापासून साचत जातो. त्याला रंग नाही, आणि आपल्याला येईल असा वासही नाही. तो जास्त झाला की आधी झापड येते, मग शुद्ध जाते.

“असाच भरत राहिला असता, तर आठवडाभरात खुर्चीवरच्या नाकापर्यंत आला असता,” ऐकनाथ म्हणाला.

“मी तिथंच होते,” कुमुदताई हळूच म्हणाल्या. “मला वाटलं, मुलं गुणी झाली.”

दुसानेकाका करंगळी चोळत उठले. “शाब्बास, केतकी. समिती तुला ढाल देईल.”

“नको,” केतकी म्हणाली.

“अगं, नको काय?”

“मी अकरा वेळा खरं सांगितलं, तेव्हा हत्ती मिळाले. एकदा युक्ती केली, तेव्हा तुम्ही आलात. मला युक्ती सुचली म्हणून पिल्या वाचला. पिल्याला कुठली युक्ती सुचणार? त्याला धड बोलताही येत नाही. ज्याला युक्ती येत नाही, त्यानं मरायचं का, काका?”

काकांनी चावलेली करंगळी मुठीत झाकली.

“तुम्ही माझे लाड करता. पण तुमचा मूड गेला की लाड संपतात. मला लाड नकोत, हक्क हवाय.”

“हक्क (समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली गोष्ट),” ऐकनाथनं अर्थ सांगितला. कुणी विचारला नव्हता, पण सांगायची गरज होती. “माझ्या हिशेबात एक चूक झाली. तळाशी काय बिघडतंय, ते तळाशी असलेल्यांना आधी कळतं. ते मोजलं नाही, तर बिघाड वर येईपर्यंत सगळ्यांनाच उशीर होतो. मी सतरा संवेदक सतरंजीवर असताना त्यांना गोड म्हणत होतो.”

त्याच संध्याकाळी समिती बसली. मुलांची तक्रारही मोठ्यांच्या तक्रारीसारखीच नोंदवायची, तपासायची आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, असं ठरलं. बोलता न येणाऱ्यांची तपासणी रोज, जमिनीपासून. कुमुदताईंनी स्वतः पेचकस आणून ऐकनाथच्या कमरेतली अडकण काढली. आता तो कुणापुढंही वाकू शकत होता.

पहिली तक्रार चार वर्षांच्या तन्वीरची आली : बागेतल्या पाण्याच्या नळाला माझा हात पोहोचत नाही.

दुसानेकाका हसणार होते, पण केतकी बघत होती. त्यांनी नळ दोन फूट खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत चाकांच्या खुर्चीवरच्या गोदूआजी बागेत आल्या. त्यांनी हात लांब करून स्वतःचा पेला स्वतः भरला आणि सावकाश प्यायल्या.

“आजी, तुम्ही कधी तक्रार का नाही केली?” काकांनी विचारलं.

“इथं राहायला आले त्याला नऊ वर्षं झाली,” आजी म्हणाल्या. “मला वाटलं, नळ एवढ्या उंचावरच असतात.” आणि त्यांनी दुसरा पेला भरून तन्वीरला दिला.