कुंकवापासून पाचवी पट्टी

नाशिकच्या तांबट आळीत पियानो आला तो बैलगाडीतून, आणि उतरला तो यादवच्या पायावर.

पियानोला खाली चाकं असतात हे आळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. आठ जणांनी तो फळ्यांवर टेकवला, प्रत्येकाने दुसऱ्याने धरलाय असं समजून हात सोडला, आणि तो काळाभोर ऐवज स्वतःच्याच मनाने खाली आला. यादव ओरडला नाही. समोर दारात कोंडाजीशेठची मुलगी उभी होती म्हणून ओरडला नाही, एवढंच.

"लागलं का हो?" तिने विचारलं.

"नाही... त्याला काही झालेलं दिसत नाही," पियानोकडे बघत यादव म्हणाला.

तिने पदर तोंडाला लावला. पदराने हसू लपतं, पण डोळे तेवढे बाहेर राहतात. यादवने ते पाहिले, आणि पाय दुखतोय हे त्याला पार दुपारी आठवलं.

ही गोष्ट एकोणीसशे चौतीस सालच्या श्रावणातली. कोंडाजीशेठचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, आणि त्यांना व्यसन म्हणाल तर एकच – देवळाली कॅम्पातले लिलाव. कोणी साहेब विलायतेला परत निघाला की शेठ टांगा जोडून हजर. घरात टोप्या अडकवायचं एक झाड होतं. टोपी कोणीच घालत नसे, म्हणून त्याच्यावर पंचे वाळत. एकदा त्यांनी काचेचं झुंबर आणलं. ते छताला बसेना, म्हणून पेटीतच राहिलं. त्याच आठवड्यात मुलगी झाली, तेव्हा निदान नाव तरी वाया जाऊ नये म्हणून तिचं नाव झुंबर ठेवलं.

पियानो आला त्याच संध्याकाळी शेठनी मुंबईला एका स्थळाला पत्र टाकलं. मुलगा खंडेराव, कचेरीत नकाशे काढणारा. पत्रात लिहिलं : 'मुलगी गृहकृत्यदक्ष असून पियानो वाजवते.'

आपण पियानो वाजवतो हे झुंबरला तिसऱ्या दिवशी कळलं.

"नाना, मी अजून त्याला हातसुद्धा लावला नाही!"

"मग लाव की. दिवाळीनंतर यायचे आहेत ते. पोहे करायला शिकलीस ना? तसंच."

शिकवणारं कोणी नव्हतं. पियानोबरोबर एक पुस्तक आलं होतं, ते इंग्रजीत. त्यात एका हाताचं चित्र होतं. झुंबरने ते नीट पाहिलं आणि तिला वाटलं, लाडू वळताना बोटं होतात तशीच तर ही आहेत. उजव्या हाताचा प्रश्न सुटला. डाव्या हाताने काय करायचं तेही पुस्तकात असणार, पण चित्र एकच होतं. डावा हात तिने मांडीवर ठेवला.

सुरुवात कुठून करायची हे ठरवलं सरुआत्याने. घरात नवी वस्तू आली म्हणून शेठच्या या थोरल्या बहिणीने पियानोला हळदकुंकू वाहिलं, आणि कुंकवाचं बोट एका पांढऱ्या पट्टीवर टेकवलं. ती पट्टी झुंबरचं घर झाली. तिथून निघायचं, तिथे परत यायचं. आत्या जात्यावर म्हणायची ती चाल ती एका बोटाने शोधू लागली. एक सूर सापडायला एक सकाळ जाई, आणि दुपारी तो पुन्हा हरवे.

चौथ्या दिवशी यादव स्वतः घडवलेले हंडे पोचवायला दुकानात आला, जरा लंगडत. दुकानामागेच ओसरीवर पियानो. शेठ जेवायला बसलेले. यादवने आजूबाजूला पाहिलं, कान लावला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक पट्टी वाजवत गेला – अगदी गिऱ्हाईक भांडं घेताना टिचकी मारून बघतं तशी.

"हे काय चाललंय?" मागून झुंबर.

"तपासतोय. यातलं एक बद्द वाजतंय." त्याने कुंकवापासून उजवीकडे पाचव्या पट्टीवर बोट ठेवलं. टक्. नुसतं लाकूड. "फुटकं आलंय हे. शेठनी बघून घ्यायला हवं होतं."

"तो पियानो आहे, हंडा नाही!"

"म्हणून काय झालं? घेताना वाजवून बघायला नको?"

"तुम्हाला वाजवता येतो?"

"येत नाही. तुम्हालाही येत नाही. मी समोरच बसतो, झुंबरबाई... सकाळपासून ऐकतोय."

झुंबर लाल झाली. रागाने, असं तिने स्वतःला सांगितलं.

तांबट आळीत दिवसभर हातोड्या चालतात. परगावच्या माणसाला तो गोंगाट वाटतो. आळीतल्या माणसाला त्यात कोणाचं काय चाललंय ते कळतं. यादवला तर ठोक्यावरून पत्रा किती जाड राहिलाय हेही कळे. अशा कानाला समोरच्या घरातली चाल रोज एकाच जागी अडखळते, हे ऐकून सोडून देणं जमण्यासारखं नव्हतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी झुंबर कुंकवापासून निघाली, चढत गेली, पाचव्या पट्टीवर आली – टक् – आणि समोरून आवाज आला : टंग्ग...

बरोबर तोच सूर. जो तिला हवा होता, जो पियानोत नव्हता.

ती थांबली. योगायोग असेल. पुन्हा वाजवलं. टंग्ग. मुद्दाम सावकाश वाजवलं. समोरचा ठोकाही सावकाश आला. मग तिने खट्याळपणे पाचव्या पट्टीच्या अलीकडूनच परत वळण घेतलं, आणि समोरून एक ठोका घाईने पडला, एकटाच, जिन्याची एक पायरी चुकल्यासारखा. झुंबर इतकी हसली की आत्या जातं थांबवून बघायला आली.

"काय गं?"

"काही नाही आत्या. जमायला लागलंय."

समोर यादवच्या मांडीशी एक घागर होती. तांबं ठोकत जावं तसा त्याचा आवाज चढतो. ही घागर नेमक्या त्या सुरावर आली आणि यादवने तिच्यावरची हातोडी थांबवली ती कायमची. आता तो तिला फक्त लाकडी मोगरीने बोलती करी. शेठ मात्र कावले.

"यादव, ती घागर कधी देणार? गिऱ्हाईक खोळंबलंय."

"जरा गळ्याचं काम राहिलंय, शेठ."

"दसरा आला की रे! एका घागरीला दोन महिने?"

"गळा नाजूक आहे."

शेठच्या मागे उभ्या झुंबरने छताकडे पाहिलं.

यादव नात्यागोत्यात बसणारा होता. पण दुकानाच्या आतल्या बाजूला शेठ बसत आणि बाहेरच्या बाजूला कारागीर, आणि मधला उंबरा दिसतो त्याहून उंच होता. म्हणून दोघं बोलत ते भांड्यांवरून.

"हे तपेलं जरा वाकडं वाटतं," ती म्हणे.

"बघणाऱ्याची मान वाकडी असेल."

"काल तिसऱ्या वेळी तुमचा ठोका उशिरा पडला."

"काल तिसऱ्या वेळी तुम्ही खिडकीकडे बघत होतात. मी काय, तिकडेच बघत होतो... उशीर होणारच."

दसऱ्याला पियानो पुसताना झुंबरने वरचं झाकण उघडून आत बराच वेळ डोकावून पाहिलं. मग झाकण लावलं. आत्याने विचारलं तर म्हणाली, "धूळ आहे."

दिवाळी झाली. मुंबईचं पत्र आलं : गुरुवारी येत आहोत.

आळीची एक रीत होती. कोणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले की तासभर सगळ्या हातोड्या बंद. नाहीतर पाहुण्यांना मुलीचं नाव ऐकू येत नसे, आणि चारदा नाव विचारलेलं स्थळ सहसा जमत नसे. बुधवारी संध्याकाळी झुंबर दुकानात डबे लावत होती. यादव आला. हातात भांडं नव्हतं.

"उद्या आळी गप्प असणार," ती म्हणाली.

"हो."

"मग पाचव्या जागी मी काय करू?"

"रोज शंभर ठोक्यांत माझा एक खपून जातो, झुंबरबाई. उद्या एक जरी पडला तर अख्ख्या आळीला कळेल... कोणी मारला, आणि कोणासाठी."

"कळेल."

"आणि मारला तर तुमची चाल पुरी होणार. तुम्ही पसंत पडणार. मुंबईला जाणार."

"नाही मारलात तर?"

"तर तुमचं हसं होणार." त्याने मान खाली घातली. "माझं दोन्हीकडून नुकसानच दिसतंय."

झुंबरने एक डबा उगाच उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "मी त्या जागी थांबेन, यादवराव. पुढची पट्टी दाबणार नाही. मग पाहुणे बसोत नाहीतर उठून जावोत."

गुरुवारी चारला पाहुणे आले. खंडेराव, चष्मा लावलेला शांत माणूस, आणि त्याचे वडील. आळी अशी गप्प झाली की पोहे चावल्याचा आवाज रस्त्यावर जाऊ लागला. शेठनी घसा साफ केला. "बाळ, जरा वाजवून दाखव."

झुंबर कुंकवापासून निघाली. चाल चढली. चौथी पट्टी... पाचवी – टक्.

तिने हात वर उचलला, आणि थांबली.

समोरून काही नाही.

शेठनी पाण्याचा पेला उचलला, रिकामा होता तरी प्यायले. खंडेरावाचे वडील हळूच म्हणाले, "विसरली वाटतं." आत्याच्या हातातला डाव थांबला. झुंबरचा हात हवेतच. बोटं लाडू वळताना व्हावीत तशीच. खिडकीकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो मागितलेला ठोका झाला असता.

टंग्ग...

एकच. मोकळा, खणखणीत, साऱ्या आळीभर. कुठेतरी एक खिडकी उघडली. मग दुसरी. झुंबरने श्वास सोडला आणि पुढची पट्टी दाबली. चालीत ती जागा आणखी तीनदा येते. तिन्ही वेळा समोरून उत्तर आलं, आणि आता एकदाही उशीर झाला नाही.

"हे... बाहेर काय वाजतंय?" वडिलांनी विचारलं.

"आमच्या पियानोचा एक सूर आहे," झुंबर खाली बघून म्हणाली. "तो समोर राहतो."

खंडेराव उठला, खिडकीशी गेला. समोर एक तरुण मांडीवर घागर घेऊन बसला होता, फाशीची वेळ विचारायला आल्यासारखा चेहरा करून. खंडेरावाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि अगदी प्रेमाने शेठना म्हणाला, "कोंडाजीशेठ, मुलगी गुणी आहे. पण हा पियानो मुंबईला न्यायचा तर समोरची घागरही न्यावी लागेल, आणि माझी खोली लहान आहे. पोहे मात्र फार छान झाले होते."

पाहुणे गेले. शेठ अनवाणीच रस्ता ओलांडून समोर गेले.

"कधीपासून चाललंय हे?"

"भाद्रपदापासून, शेठ."

"आणि गिऱ्हाइकाची घागर?"

"दुसरी करून देतो. ही द्यायची नाही." यादवने मोगरी हातातून सोडली नव्हती. "आणि... झुंबरबाईंना दुसरीकडे द्यायचं नाही. त्यांची हरकत नसेल तर."

शेठनी मागे वळून पाहिलं. दारात झुंबर उभी होती. पदर तोंडाला, डोळे बाहेर. हरकत कुठे दिसेना. मागून आत्या म्हणाली, "कोंडाजी, सगळ्या आळीने ऐकलंय. नाही म्हणालास तर उद्यापासून तुझ्या दुकानात एक भांडं कोणी वेळेवर देणार नाही. सगळ्यांच्या घागरींचे गळे नाजूक होतील."

शेठ पायरीवर बसले. मग घरी जाऊन नातेवाइकांना पत्रं लिहायला घेतली : 'जावई कुशल वादक असून...'

आपण वादक आहोत हे यादवला तिसऱ्या दिवशी कळलं.

लग्न मार्गशीर्षात झालं. पहिल्या सणाला दोघं माहेरी आली तेव्हा यादवने पियानोचं झाकण उघडलं. "ही मुकी पट्टी एकदा बघूनच टाकतो. खरं सांगू? पहिल्या दिवशीच वाटलं होतं, फुटलेलं काही नाही, आत काहीतरी अडकलंय. तेव्हाच काढता आलं असतं."

"मग काढलं का नाही?"

"मग घागरीला कोण विचारणार होतं?"

झुंबरने न बघताच आत हात घातला आणि साहेबाच्या घरची कोणाची तरी एक आखूड पेन्सिल बाहेर काढली. मग पाचवी पट्टी दाबली. सूर स्वच्छ वाजला.

यादव बघतच राहिला. "हे तुला... कधी सापडलं?"

"दसऱ्याला."

"म्हणजे त्या गुरुवारी –"

"त्या गुरुवारी ती आतच होती. मीच परत ठेवली होती." तिने आणखी एकदा पट्टी दाबून पाहिली, मान तिरकी करून नीट ऐकलं, गिऱ्हाइकासारखं. "छे. घागर बरी."

आणि तिने पेन्सिल पुन्हा जागेवर ठेवली.