चोवीस नोंदी

"म्हातारी गेली ती नर्सच्या चुकीनं, मशीनच्या नाही. एवढंच लिहून पाहिजे," जिनेंद्र मगदूम खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला.

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत, कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर संयोगिता इंगवलेचं एका खोलीचं ऑफिस होतं. विमा कंपनीत बारा वर्षं खोटे दावे उकरून काढल्यावर तिने स्वतःची पाटी लावली होती. सोबतीला आकाराम, पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. माणूस सोन्यासारखा, पण डोकं घाट चढणाऱ्या एसटीच्या वेगानं चालायचं.

जिनेंद्रचा धंदा नव्या जमान्यातला. परदेशी कंपन्या नवनवी वैद्यकीय उपकरणं काढतात. ती डॉक्टरांच्या गळी उतरवायची, नर्सना शिकवायची, पेशंटवर वापरात आणून दाखवायची, याचा तो सल्ला देत असे. कार्डावर याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. कुणी दलाली म्हटलं असतं तर त्याला राग आला असता.

सध्याचं उपकरण म्हणजे छातीवर चिकटवायची पट्टी आणि उशाशी ठेवायचा पांढरा डबा. पट्टी हृदयाचे ठोके मोजते, डबा आकडा दाखवतो आणि ठोके मंदावले की बोंबलतो. डॉ. रूपाली चौगुले यांच्या हॉस्पिटलात मंगळवारी भर दुपारी गारगोटीच्या बायडाबाईंचे ठोके मंदावत मंदावत थांबले. डबा बोंबलला नाही. बायडाबाईंचा मुलगा बाळासो याने मेहक नावाच्या नर्सविरुद्ध तक्रार दिली होती.

जिनेंद्रने नोंदींच्या कागदाची झेरॉक्स पुढे सरकवली. "बारापासून चारपर्यंत दर दहा मिनिटांनी एक, अशा चोवीस नोंदी. पहिल्या तासात अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, एक्क्याऐंशी, शहात्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी. पुढच्या तासात तेच सहा. त्याच्या पुढंही तेच. माणसाचं हृदय काय पाढे म्हणतंय? पोरीनं एका जागी बसून आकडे ठोकून दिले. कटकट नको म्हणून अलार्मही तिनंच बंद केला असणार. नंतर इंजिनिअरनं डबा तपासला. ठणठणीत आहे."

"तुम्ही त्या दुपारी कुठं होता?"

"हॉटेलात, साठ डॉक्टरांसमोर," त्याचा चेहरा उजळला. "इचलकरंजीच्या एका डॉक्टरांना स्टेजवर घेतलं, पट्टी लावली, वीस उठाबशा काढायला लावल्या. आकडा सत्तरावरून एकशे दहावर! टाळ्याच टाळ्या. जागेवर बारा हॉस्पिटलांनी होकार दिला." मग त्याने आवाज खाली आणला. "सोमवारी अकराला चौकशी समिती आहे. मेहकची नोंदणी रद्द होणारच. तुमच्यासारख्या त्रयस्थाचा कागद जोडला की कंपनी निर्धास्त."

तो गेल्यावर आकाराम म्हणाला, "बाई, सरळ हाय की. लिवून टाका."

"मूळ कागद बघितल्याशिवाय? झेरॉक्सवर सही करायची मला सवय नाही, आकाराम."

डॉ. रूपाली दमलेल्या होत्या. बोलता बोलता त्या हिरव्या पेनाने डिस्चार्जच्या कागदावर सही करत होत्या.

"मंगळवारी तुम्ही बायडाबाईंजवळ होता?" संयोगिताने विचारलं.

"मेहक दोन वाजता खाली जेवायला गेली, तेव्हा वीस मिनिटं मीच बसले. डबा व्यवस्थित चालू होता."

"हे समितीला सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या.

दुसऱ्यावर ढकलता येत असेल तर न विचारलेलं कोण सांगतं?

"असे डबे किती आहेत?"

"जिल्ह्यात दोनच. एक माझ्याकडे. दुसरा जिनेंद्रच्या बॅगेत, नुसता दाखवायचा. पट्टी कुणालाही लावा, त्यात आधी भरून ठेवलेलं रेकॉर्डिंगच फिरतं. बाकीचे अजून यायचेत." त्यांनी मोबाईल पुढे केला. "वापरातल्या डब्याचा फोटो तो दर आठवड्याला कंपनीला आणि आमच्या ग्रुपवर टाकतो. हा मंगळवारचा, दुपारी बाराचा."

फोटोत बायडाबाईंचा अर्धाच चेहरा होता. मधोमध डबा, पांढराशुभ्र. संयोगिताने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग तिने नोंदींचा मूळ कागद मागवला. सगळ्या नोंदी निळ्या शाईत होत्या, मधल्या दोन तेवढ्या हिरव्या.

डबा कपाटात होता. स्क्रीनच्या कडेच्या फटीत बारीक लाल रेघ दिसत होती.

"ते कुंकू हाय," वॉर्डातल्या अक्काताई मावशी म्हणाल्या. "खंडेनवमीला पुजलं न्हवं का! बीपीच्या मशीनला, एक्सरेला, समद्यास्नी लावलं, तसं ह्यालाबी. फटीत गेलं. डाक्टरीणबाई लई वरडल्या. सुईनं कोरून बगितलं, निगंना."

"म्हातारी जायच्या आधी का नंतर?"

"आदी. आठ दिस झालतं."

"मंगळवारी जिनेंद्रसाहेब आलते?"

"दोनदा. बाराला बॅग घिऊन आलतं, फोटू काडून गेलं. म्हातारी गेल्यावर सांजच्याला परत. पोरगं टाहो फोडतंय, अन् ह्यो गडी आपला डब्याच्या वायरी आवरतोय."

मेहकचं घर कबनूरला होतं. आसपासच्या यंत्रमागांच्या खडखडाटात मोठ्यानंच बोलावं लागत होतं. आई बिबीजानने ठेवलेला चहा मेहकसमोर निवून गेला.

"जे दिसलं ते लिवलं ताई," ती म्हणाली.

"तेच आकडे परत येतायत, हे ध्यानात आलं नाही?"

"सात पेशंट होते. बघायचं, लिवायचं, पुढच्याकडं पळायचं."

तिला आणखी काही सांगायचं होतं, असं संयोगिताला वाटलं. पण तिने ते सांगितलं नाही.

परतताना आकाराम गंभीर झाला. "माझ्या मतानं डाक्टरीण. स्वतः बसली हुती की."

"बसली होती हे बरंच झालं," संयोगिता म्हणाली.

सोमवारी दहा वाजता तिने सगळ्यांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसवलं. जिनेंद्र इस्त्रीच्या शर्टात, मेहक दाराशी. बाळासो बाहेर बाकावर होता.

"खोटं लिहिणारा माणूस आकडे फिरवून लिहितो," संयोगिता म्हणाली. "तेच सहा आकडे चारदा लिहून कुणी नोकरी घालवत नाही. आता हा मूळ कागद. दोनची आणि दोन-दहाची, अशा दोन नोंदी हिरव्या शाईत आहेत, अठ्ठ्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर. त्याही पाढ्यात चपखल बसतात. मेहक तेव्हा खाली जेवत होती. डॉक्टर, तुम्ही वरचे आकडे बघून लिहिलेत?"

"छे! डब्यावर होते तेच लिहिले."

"म्हणजे पाढा डबाच म्हणत होता. तासाभराचं रेकॉर्डिंग संपलं की पुन्हा पहिल्यापासून. असा डबा जिल्ह्यात एकच आहे."

"वाट्टेल ते!" जिनेंद्र उसळला. "डबा तपासलाय इंजिनिअरनं."

"त्यानं तपासला तो कुंकवाचा. खंडेनवमीपासून त्याच्या फटीत लाल रेघ आहे, सुईनंही न निघालेली. तुमच्या मंगळवारच्या फोटोत ती नाही. बायडाबाईंच्या उशाशी दुसराच डबा होता."

जिनेंद्र दाराकडे बघू लागला.

"आणि तुमच्या त्या उठाबशा. आधी भरलेल्या रेकॉर्डिंगमधला आकडा कुणी उठाबशा काढल्या म्हणून वाढत नाही. साठ डॉक्टरांसमोर खरा डबा लागत होता, म्हणून तुम्ही तो पेशंटजवळून उचललात. संध्याकाळी रडारडीत पुन्हा जागेवर ठेवलात. आणि खापर फोडायला नर्स होतीच."

"चार तासांचा तर प्रश्न होता," जिनेंद्र पुटपुटला. "उशाशी डबाच ठेवला नसता तर कंपनीच्या हिशेबी वापर बंद पडला असता. बारा हॉस्पिटलं, मॅडम! किती जीव वाचणार होते."

"त्यातला एक तुमच्या हातात होता," डॉक्टर म्हणाल्या.

"चोराच्या उलट्या बोंबा!" आकारामने दार अडवलं. "वर आमच्याकडनंच लिवून मागतोय. चला पावणं, चौकीवर."

दोघे गेले. डॉक्टर उठून मेहकजवळ आल्या. "सुटलीस तू. समितीला मी सांगते. हिरव्या नोंदींचंही सांगते."

मेहक रडली नाही, की हसली नाही.

"साडेतीनला मी त्यांना पाणी पाजलं," ती म्हणाली. "मनगट धरलं, तर नाडी लई हळू लागली. डब्याकडं बघितलं, शहात्तर. ट्रेनिंगला जिनेंद्रसर म्हणालते, बोटं चुकतात, डबा चुकत न्हाय. मी माझीच बोटं खोटी धरली."

"हे कुणाला सांगायची गरज नाही," डॉक्टर घाईने म्हणाल्या.

संयोगिताने पेनाला टोपण लावलं. ही एक गोष्ट समितीच्या कानावर गेली तर सुटलेली पोर पुन्हा अडकणार होती. तिच्या बारा वर्षांच्या नोकरीत खोटे पुष्कळ भेटले होते. असं खरं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं.

"मी लिहिणार नाही, मेहक," ती म्हणाली. "तू ठरव."

मेहकने ओढणी सारखी केली आणि बाहेर गेली. बाळासो बाकावरून उठू लागला, तिने हातानेच त्याला बसवलं आणि समोर फरशीवर बसली.

"दादा, तुमच्या आईचा हात माझ्या हातात होता," ती म्हणाली. "मला कळलं होतं. आणि मी कुणाला हाक मारली न्हाय."