काकांचं घड्याळ आणि सरकीपेंड

"काका, किती वाजले?"

मोरोपंत वकिलांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. "उन्हावरून कळत नाही का?" ते खेकसले.

सिंधू गालात हसली. नागपूरच्या कौन्सिलात निवडून जायला निघालेला माणूस आता उन्हावर वेळ बघणार! दिवाळीच्या सुट्टीत ती अमरावतीहून अकोल्याला काकांकडे आली होती, पण असं काही तिनं पाहिलं नव्हतं.

शेजारच्या माळ्याच्या गोवर्धननं गुपित फोडलं. "मेळ्यात अक्षरवाल्याजोळ हरले ते! काकूच्या बाबांनी लग्नात देल्लं घड्याळ पणाले लावलं. अन् तो आजच तेल्हाऱ्याले चाल्ला!"

"बाप रे! काकूला कळलं तर?"

दोघं मेळ्यात धावली, गोवर्धन विकायच्या संत्र्यांच्या टोपलीसकट. अक्षरवाला एकावर एक रचलेल्या थैल्यांतली वरची उचलून तिच्यातली लाकडी अक्षरं फळीवर ओतायचा; ती जुळवून आधी शब्द सांगेल त्याची पैज. पण त्याचा पैलवान खुशालराव लगेच शब्द ओरडायचा.

"सराव आहे हो त्याला!" गर्दी कौतुकानं म्हणे.

सिंधूलाही सराव होता! सुट्टीभर ती पुठ्ठ्याची अक्षरं जुळवत होती. आधी दूध उतू जाईपर्यंत एक शब्द सुटत नसे, आता चटकन सुटे. पण नवा शब्द दिसला की अजूनही क्षणभर मान तिरकी व्हायचीच. खुशालरावची होतच नव्हती!

"गोवर्धन, हा अक्षरं बघतच नाही!"

"म्हंजे थैल्यायचा क्रम पाठ असन त्याले!"

सिंधू पुढे झाली. "जिंकले तर काकांचं घड्याळ द्या. हरले तर माझे डूल घ्या!"

"मंजूर!" अक्षरवाला हसला.

तेवढ्यात गोवर्धनची टोपली कलंडली. संत्री गडगडली! फुकटच्या फळांपुढे मोठी माणसं वाकलीच. अक्षरवाला आणि पैलवान सगळ्यांत आधी. सिंधूनं वरची थैली हळूच खाली सरकवली.

"हं, ओता आता!"

अक्षरं पडायच्या आत खुशालराव गरजला, "नरनाळा!"

फळीवर होती: पें, र, ड, स, की.

"यात नरनाळ्याच्या किल्ल्याचा 'ना' कुठं हाय बे?" कुणीतरी विचारलं. हशाच हशा!

सिंधूनं मान तिरकी केली. एक क्षण... दोन... "सरकीपेंड!"

गर्दीकडे बघत अक्षरवाल्यानं मुकाट्यानं घड्याळ काढलं.

घरी सगळं ऐकून काकांनी घड्याळ खिशात टाकलं. मग म्हणाले, "सराव त्यालाही होता गं, पण नुसता ओरडायचा! तू बघायचा केलास. शाब्बास! आणि गोवर्धन, संत्र्यांचं मी बघतो."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, किती वाजले?"

"साडेपाच!" काका ऐटीत म्हणाले. खिशातून घड्याळ काढायच्या आतच!

सिंधूनं डोळे मोठे केले. "काका, आधी बघा!"

सहा वाजून गेले होते.