पानाखालचा केस

साल १९७०. मिसूरीच्या उत्तर टोकाला, आयोवाची हद्द जवळ आलेली असते तिथे, लोगन्स मिल नावाच्या गावात त्या वर्षी ऑक्टोबरातच हाडं गोठवणारा गारठा पडला होता. एका शनिवारी सकाळी नोरीन ट्रॅस्क डॉक्टर पिकेट यांच्या घराच्या पायऱ्या चढली, तेव्हा पावसात बर्फाचे कण मिसळले होते आणि ते गालाला टोचत होते. तिने घंटीकडे हात नेला... आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने थंडीने लालबुंद झालेला एक हात आला.

"दाबा, दाबा. तुम्ही आधी आलात."

"घंटी तुम्हीच दाबलीत की."

"कुठे? मी तुमचं बोट दाबलं. घंटी तुम्ही दाबलीत."

उंच, किडकिडीत मुलगा होता. टोपीवरून पाणी ठिबकत होतं आणि तरी तो हसत होता. दार उघडलं. कोपरापर्यंत पीठ माखलेल्या मिसेस पिकेट दोघांकडे पाहून म्हणाल्या, "लग्नाच्या परवान्यासाठीची रक्ततपासणी मंगळवारी असते हो. आज शनिवार. तेवढा धीर धरा."

"नाही, नाही!" दोघं एकदम ओरडली.

"आम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नाही," नोरीन म्हणाली.

"अजून," मुलगा म्हणाला.

त्याचं नाव लायल हेंडरशॉट. निघालं असं की दोघं एकाच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि एकाच कामासाठी आली होती. दोघांना ऑस्टिओपॅथीच्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज करायचा होता. औषधं देणारे, शस्त्रक्रिया करणारे, पण आधी रोग्याच्या पाठीवर हात ठेवून तो काय सांगतो ते ऐकणारे डॉक्टर तिथे तयार होत. अर्जासोबत अशाच एखाद्या डॉक्टरचं पत्र लागायचं, आणि आसपासच्या तीन तालुक्यांत असे डॉक्टर एकच होते. पिकेट.

डॉक्टरांनी दोघांच्या गुणपत्रिका चष्मा कपाळावर चढवून वाचल्या. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचल्या.

"चारपैकी दोन पूर्णांक एकतीस," ते नोरीनला म्हणाले. "आणि पोरा, तुझे दोन अडतीस. हे गुण आहेत की थंडीच्या दिवसातलं तापमान?"

कुणी हसलं नाही.

"ऐका. मी वर्षाला एकच पत्र देतो. दोन दिली की कॉलेजवाले एकही मनावर घेत नाहीत. पण माझं पत्र असलं की ते गुणांच्या आधी पत्र वाचतात. दर शनिवारी यायचं, पडेल ते काम करायचं. नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी पत्र कुणाचं ते सांगेन. पंधरा जानेवारीला अर्ज बंद होतात."

बाहेर पडल्यावर लायल म्हणाला, "म्हणजे आपण वैरी झालो, ट्रॅस्क."

"वैऱ्याला गाडीतून घरी सोडायची पद्धत आहे का तुमच्याकडे? माझी गाडी चालू होत नाहीये."

"वैऱ्यालाच सोडतात. मित्र आपापले जातात."

त्याने तिला तिच्या वडिलांच्या गोठ्यापर्यंत सोडलं. वाटेत तिने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी वडील ट्रॅक्टरवरून पडले, सात महिने अंथरुणाला खिळले. पहाटे चौतीस गाईंचं दूध काढून ती आठच्या रसायनशास्त्राच्या तासाला जायची आणि बाकावर डोकं टेकून झोपायची. मोठ्या इस्पितळाने सांगितलं होतं, हा माणूस आता उठायचा नाही. डॉक्टर पिकेटांनी आठवड्यातून दोनदा घरी येऊन, नुसत्या हातांनी, वसंतात त्यांना उभं केलं. ते हात तिने पाहिले होते. तिला तेच करायचं होतं, दुसरं काहीही नाही.

"तू राबून मागे पडलीस," लायल म्हणाला. "मी मात्र बास्केटबॉल खेळून, अगदी निवांत. तेव्हा पत्र तुलाच मिळायला हवं." आणि जरा थांबून, "...पण मी प्रयत्न सोडणार नाही हं."

शनिवार जात राहिले. चादरींच्या घड्या, शेगडीत लाकडं, म्हाताऱ्या रोग्यांना कुशीवर वळवणं. दुपारी रोगी संपले की डॉक्टर सेंट लुईस शहराची जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी टेबलावर आपटत. "हं, शोधा."

तो जुना रिवाज होता, त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलेला. एकाने एक केस पानाखाली ठेवायचा, दुसऱ्याने डोळे मिटून बोटांनी तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. पातळ, गुळगुळीत कागद आणि त्याखाली कुठेतरी सुतासारखा उंचवटा. बोट जोरात दाबलं की हरवतो, हलकं ठेवलं की सापडतो.

लायल आठ पानांच्या पुढे कधी गेला नाही. नोरीन बावीस पानांपर्यंत गेली.

"माझा केस जाड आहे म्हणून," लायल कुरकुरला.

"तुझा केस जाड, डोकंही."

"मग तुझा ठेवतो." त्याने हात पुढे करून तिच्या स्वेटरवरचा लांब पिंगट केस अलगद उचलला... इतका अलगद, की श्वास घ्यायचा विसरली ती. "डोळे मीट, ट्रॅस्क."

तिने डोळे मिटले. बोटं पानावरून फिरवली, एकदा, दोनदा. शेगडीत लाकूड तडतडलं. त्याचा श्वास तिला अगदी जवळ ऐकू येत होता.

"इथे काही नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

"हेंडरशॉट, ह्या पानाखाली काही नाही."

डोळे उघडले तर तो केस त्याच्या बोटाभोवती गुंडाळलेला. "असलेला तर कुणीही शोधेल," तो हळूच म्हणाला. "नसलेला कसा कळला तुला?"

"कळतं."

कोपऱ्यात डॉक्टर पाइप ओढत बसले होते, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. त्या दिवशी गाडीत, गोठ्याच्या अलीकडच्या वळणावर, त्याने तिला पहिल्यांदा जवळ घेतलं. तिच्या हातांना दुधाचा वास येत होता. ती हात मागे ओढायला लागली, तर त्याने ते धरून आपल्या कोटाच्या खिशात घातले.

त्याच गाडीत, नोव्हेंबरात, त्याने आपला आकडा सांगितला. आदल्या वर्षी सरकारने सैन्यभरतीसाठी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. त्याच्या तारखेला एकोणसाठ आकडा आला होता, आणि लहान आकड्यांना बोलावणं आधी. कॉलेज चालू होतं तोवर सूट. डॉक्टरकी शिकायला गेला तर पुढेही सूट. नाहीतर मे महिन्यात पदवी आणि उन्हाळा संपायच्या आत व्हिएतनाम.

"शेजारच्या फार्मवरचा डेनी परत आला ना," तो म्हणाला, "पेटीतून." त्यावर त्याने काही विनोद केला नाही. नोरीनने खिशातला त्याचा हात घट्ट धरला.

पाच डिसेंबरला एक शेतकरी मान आखडून आला. डॉक्टरांनी स्वतः हात लावायच्या आधी नोरीनला पुढे केलं. "कुठे आहे सांग." तिने तीन बोटं त्याच्या मानेवरून सावकाश खाली आणली आणि मानेच्या बरंच खाली, चौथ्या बरगडीशी थांबवली. डॉक्टरांनी तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

"चोवीस वर्षं शिकवतोय," मग ते म्हणाले. "असे हात दुसऱ्यांदा पाहतोय."

लायलने तिच्या पाठीवर थाप मारली. "सांगितलं नव्हतं?" तो हसत म्हणाला. पण घरी जाताना गाडीत तो गप्प होता.

एकोणीस डिसेंबर, शनिवार. संध्याकाळचं दूध काढून ती बादल्या धूत होती. लायल दारात येऊन उभा राहिला, बुटांना बर्फ, हातात टोपी.

"ट्रॅस्क, एक विचारू? हसायचं नाही."

"तू तोंड असं केल्यावर कशी नाही हसणार?"

त्याने खिशातून आजीची अंगठी काढली. छोटासा निळा खडा. "मला... म्हणजे आपण..." त्याचं वाक्य पुरं होईना. गाई रवंथ करत त्याच्याकडे पाहत होत्या.

"हो," नोरीन म्हणाली.

"मी विचारलं कुठे अजून!"

"मग विचार. पण उत्तर तेच आहे."

ते दोन आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात हलके दिवस होते. दूध काढताना ती गुणगुणायची. वडील म्हणायचे, गाई जास्त दूध देतायत. दोघं एकदम नाही तर एकेक वर्षाने शिकू, आधी ती, मग तो, की आधी तो... हा विचार तिच्या मनात यायचा आणि ती तो बाजूला ठेवायची. पत्र कुणाचं हे डॉक्टर ठरवतील. तिला वाटायचं, तिला ठाऊक आहे ते काय ठरवतील.

दोन जानेवारीला डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. टेबलावर बंद पाकीट होतं.

"पोरी," ते प्रेमाने म्हणाले, आणि नोरीनने त्या प्रेमावरूनच ओळखलं. "हात तुझे आहेत, यात वाद नाही. पण आता तुम्ही एक घर होणार. एका घराला एक डॉक्टर पुरतो. तुला मुलंबाळं होतील, चार वर्षं रात्रंदिवस शिकणं तुला जमायचं नाही. आणि ह्याला पत्र नाही मिळालं तर तुला नवराच राहायचा नाही. तुझे हात ह्याच्या दवाखान्यात कामाला येतील की." त्यांनी पाकीट लायलपुढे सरकवलं.

नोरीनने लायलकडे पाहिलं. तो आता काहीतरी बोलेल. आत्ता बोलेल.

लायल आपल्या बुटांकडे पाहत होता. मग त्याने पाकीट उचललं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायच्या निमित्ताने. मिसेस पिकेट सफरचंदं चिरत होत्या. त्यांनी तिला कुरवाळलं. "रडतेस काय, वेडे? किती गुणी मुलगा आहे. त्या मंगळवारी रक्ततपासणीची वेळ विचारायला आला ना, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, बघा, पहिल्याच दिवशी मी ओळखलं होतं!"

"कुठल्या मंगळवारी?"

"पंधरा तारखेच्या. चर्चची केकविक्री होती, माझे हात भरलेले, ह्यांनीच दार उघडलं. बराच वेळ बोलत बसले होते दोघे."

पंधराला मंगळवार. अंगठी एकोणीसला, शनिवारी.

ती गाडीत येऊन बसली. लायलने इंजिन चालू केलं, पण गाडी हलवली नाही.

"तू मंगळवारी डॉक्टरांकडे आला होतास," ती म्हणाली.

कुठल्या मंगळवारी, असं त्याने विचारलं नाही.

"मला शनिवारी विचारलंस, लायल. त्यांना आधी सांगितलंस."

"विचारणारच होतो. अंगठी थँक्सगिव्हिंगच्या सणापासून, नोव्हेंबरपासून खिशात होती माझ्या. देवाशप्पथ."

"ते मला कसं कळावं?"

"तुला कळतं! तुला सगळं कळतं." त्याने बाही मागे सारली, मनगट पुढे केलं. "लाव हात. सांग."

तिने हातमोजा काढला आणि तीन बोटं ठेवली. नाडी उधळलेल्या घोड्यासारखी धावत होती. पण प्रेमात पडलेल्याची नाडी अशीच धावते, घाबरलेल्याची अशीच, खोटं बोलणाऱ्याचीही अशीच. तिने बोटं हलकी केली, मग आणखी हलकी. तिच्या बोटांना काही कळलं नाही.

"पाकीट परत दे," ती शेवटी म्हणाली. "आत जाऊन सांग, पत्र हिला द्या. मी उद्या लग्न करते तुझ्याशी. तू जिथे जाशील तिथून परत येईपर्यंत वाट बघते."

बाहेर पुन्हा बर्फाचे कण पडायला लागले होते. काचेवर टिकटिक आवाज होत होता.

"एकोणसाठ, नोरीन," तो म्हणाला.

इतक्या दिवसांत त्याने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. मागणी घालताना, अंगठी देताना, जवळ घेतानासुद्धा ती ट्रॅस्क होती.

तिने अंगठी काढून काचेखालच्या फळीवर ठेवली आणि घरापर्यंतचे चार मैल चालत गेली. तो अर्ध्या वाटेपर्यंत गाडी हळूहळू मागे आणत होता. मग वळणावर थांबला.

डॉक्टरांना जाऊन सांगणं तिच्या हातात होतं. लग्न मोडलं, पत्र बदला, एवढं एक वाक्य. पुढच्या दोन आठवड्यांत ती चारदा निघाली आणि चारही वेळा वाटेतल्या पुलावरून परत फिरली. पुलावर दरवेळी तिला डेनीची पेटी दिसायची. पंधरा तारखेला तिने आपला अर्ज पत्राविनाच टाकला. मार्चमध्ये दोन ओळींचं उत्तर आलं. त्यात तिचे गुण लिहिले होते, जणू तिला ते ठाऊकच नव्हते.

लायलला प्रवेश मिळाला. तो शिकून बाहेर पडेपर्यंत युद्धही संपलं आणि भरतीही. पुढे तो ॲरिझोनात गेला, दवाखाना मोठा केला. म्हणतात, रोग्याला हात लावायला त्याला कधी वेळच झाला नाही. दोन लग्नं, तीन मुलं. दर नाताळात त्याचं कार्ड यायचं, आत फक्त सही. २०११ मध्ये कार्ड आलं नाही, आणि जानेवारीत त्याच्या थोरल्या मुलीचा फोन आला.

डॉक्टर पिकेट १९७३ मध्ये गेले. आपण एका पोरीचं चांगलं केलं, अशाच समजुतीत गेले. मिसेस पिकेटांनी ती डिरेक्टरी नोरीनला दिली. काय बोलल्या त्या तेव्हा, कधी कळलं नाही, कारण नोरीनने ते कुणाला सांगितलं नाही. नोरीनचे वडील १९८२ पर्यंत स्वतःच्या पायांनी गोठ्यात जात होते.

नोरीनने दोन उन्हाळे रसायनशास्त्र पुन्हा दिलं. आयोवातल्या एका बाई डॉक्टरने तिला पत्र दिलं, आणि १९७४ मध्ये, सव्वीस वर्षांची असताना, तिला प्रवेश मिळाला. चाळीस वर्षं तिने त्याच भागात पाठी, माना, बरगड्या पाहिल्या. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गुरांच्या एका विधुर डॉक्टरशी लग्न केलं. माणूस चांगला होता. तो तिला नोरीन म्हणायचा, पहिल्या दिवसापासून.

कमी गुणांची मुलं अजून तिच्याकडे पत्र मागायला येतात. जो मागेल त्याला ती देते, एका वर्षात पाच आली तर पाच. लग्न ठरलंय का, हे ती कुणाला विचारत नाही. फक्त डिरेक्टरी काढते आणि पानाखाली आपला केस ठेवते, आता पांढरा. कधी कधी मुद्दाम काहीच ठेवत नाही. तिच्या स्वतःच्या बोटांना आता तीन पानांखालचंही लागत नाही, सांधे सुजलेत.

गेल्या हिवाळ्यात दोन पूर्णांक चाळीस गुणांची एक मुलगी आली होती. रिकाम्या पानावरून बोटं फिरवून दमली, आणि वैतागून म्हणाली, "खाली काही नाहीये, हे माणसाला खात्रीने कळतं तरी का हो, डॉक्टर?"

"कळतं," नोरीन म्हणाली. डिरेक्टरी मिटता मिटता तिचा हात जरा थांबला. "...बहुतेकदा."