तिसरा कप

दुपारी दोनच्या सुमाराला देसालेन वोर्कनेशबाईंच्या दारात बंदूक मांडीवर घेऊन बसला. काम साधं होतं. बाईंचा मुलगा मेस्फिन क्रांतीचा शत्रू ठरून काल गोळीने गेला होता, आणि शत्रूसाठी रडायला बंदी होती. घरातून हुंदका ऐकू आला तर धाकट्या लेकीला, तिरुनेशला उचलायचं. अदिस अबाबात त्या वर्षी अशी मुकी घरं गल्लोगल्ली होती.

ओगादेनच्या लढाईतून परतल्यापासून देसालेनला कशाचंच काही वाटत नसे. भूक लागे, झोप येई, एवढंच.

बाईंनी निखाऱ्यावर कॉफीचे दाणे भाजले. पोटचा पोर गेला तरी दारात बसलेला माणूस पाहुणाच. पहिला कप झाला, दुसरा झाला.

"तिसरा टाकून उठू नकोस, लेका. आशीर्वाद त्यातच असतो."

"ठाऊक आहे, मावशी. लढाईवर निघताना घरी टाकूनच आलो. ट्रक थांबेना."

त्याने तिसरा कप तोंडाला लावला. खारट लागला.

"मीठ घातलंत? आमच्या गावी आई घालते."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मीठ... महिना झाला, घरात चिमूटभर नाही."

तेवढ्यात गस्तीचे साहेब दाराशी येऊन थबकले. "कोण रडतंय?"

देसालेनला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मायलेकींचे डोळे कोरडे ठणठणीत. तिरुनेशने भिंतीला पाठ लावली. साहेब आत डोकावले, मग कानोसा घेत देसालेनजवळ वाकले आणि झटकन मागे सरले.

"तुझ्या छातीतून येतंय..."

देसालेनने गाल चाचपले. कोरडेच होते.

"हुकूम रडणाऱ्याला न्यायचा आहे," साहेब नजर चुकवत म्हणाले. "बंदूक ठेव. चल."

पोरगी वाचली, एवढं देसालेनला कळलं. बंदूक उंबऱ्यावर ठेवून तो उठला.

साहेब मागच्या गाडीत बसले. पुढच्या जीपमध्ये देसालेन आणि ड्रायव्हर दोघेच. बराच वेळ गेल्यावर ड्रायव्हर हळूच म्हणाला, "तोंड मिटून कसा रडतोस रे? तेही बाईच्या आवाजात..."

"मी नाही रडत. काय म्हणतेय ती?"

"कुणाला तरी हाका मारतेय."

"मेस्फिन म्हणत असेल."

ड्रायव्हरने गाडी हळू केली, कान दिला.

"नाही... देसालेन, देसालेन म्हणतेय. कोण रे हा?"

देसालेनने ओठांवरून जीभ फिरवली. जिभेवर अजून मीठ होतं.