न चोरलेली चाल

"गाणं माझं, आवाज माझा, आणि चोरही मीच ठरले," गायिका म्हणाली. ती खुर्चीच्या अगदी टोकाला बसली होती.

भावोजींनी पुन्हा घड्याळ पाहिलं. वहिनींनी खाजगी तपासाचा धंदा मांडल्यापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. तरी प्रत्येक प्रकरणात ते आपणहून नाक खुपसत.

प्रकरण सरळ होतं. गाणं इंटरनेटवर आलं आणि लोकांनी उचलून धरलं. मग कुण्या भलत्याच कंपनीने तक्रार ठोकली: रेकॉर्डिंग आमचं आहे. तेच रेकॉर्डिंग त्यांनी गायिकेचं गाणं येण्याच्या आदल्या दिवशी आपल्या नावावर चढवलं होतं. तिचं गाणं उतरलं, रॉयल्टी कंपनीकडे वळली. एका मालिकेला ते शीर्षकगीत म्हणून हवं होतं. संध्याकाळपर्यंत मालक ठरला नाही, तर ते दुसरं गाणं घेणार होते.

"चाल आणि शब्द?" वहिनींनी विचारलं.

"ते गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेत मी स्वतः नोंदवले, गाणं आल्यावर दोन आठवड्यांनी. कुणाला बोलले नाही. तिथे कुणाचाच दावा नाही."

"पक्कं रेकॉर्डिंग आधी कुणाकडे होतं?"

"गिटारवाला, रेकॉर्डिस्ट आणि माझा दादा. बाहेरचे व्यवहार दादाच बघतो."

गिटारवाला तारा बदलत बसला होता. त्याने मानही वर केली नाही.

"चालीचे पैसे वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे. मी एकदा पोळलोय. आता दोन्हीत माझा वाटा किती ते विचारून घेतो, मगच वाजवतो."

"हाच तो," भावोजी जिन्यात कुजबुजले. "फारच माहिती आहे याला."

वहिनी भराभर उतरत राहिल्या.

रेकॉर्डिस्ट तर हसलाच. "मी चोरलं असतं तर आधी चाल लाटली असती. उद्या दुसऱ्या कुणी हे गाणं गायलं, तरी चालीवाल्याचा वाटा चालूच."

"मग तर हाच," भावोजी म्हणाले. वहिनी दादाच्या घराकडे वळल्याही होत्या.

दादा बहिणीपेक्षा जास्त हवालदिल होता. पाणी आणलं, तांब्या तिथेच विसरला, परत उठला.

"मीच गाणं चढवलं, तिच्याच नावाने. पैसे तिथूनच तर येतात, आणखी कुठून येणार? आणि चाल म्हणाल, तर ती आमच्या आईची. कपडे वाळत घालताना गुणगुणायची."

चार वाजून गेले होते. वहिनींनी गायिकेला तिथेच बोलावून घेतलं. ती धापा टाकत आली.

"चाल दोन आठवडे उघड्यावर पडली होती," वहिनी म्हणाल्या. "चोराने तिला हातही लावला नाही. तिचे पैसे वेगळे मिळतात हे माहीत असणारा माणूस ती सोडेल? गिटारवाल्याला ते माहीत आहे, रेकॉर्डिस्टलाही. रेकॉर्डिंग हातात असलेला तिसरा माणूस मात्र अजून मानतो, की पैसे येतात ते एकाच ठिकाणाहून."

भावोजी आ वासून बघत राहिले.

दादा खाली बसला. "कंपनी माझीच आहे. आईची चाल, आणि नाव हिचं एकटीचं लागणार होतं. मला काही राहवलं नाही."

"चालीवर तुमचा हक्क निघाला असता," वहिनी म्हणाल्या. "रेकॉर्डिंगवर नाही. आवाज हिचा, खर्चही हिचा."

गायिका भावासमोर येऊन बसली.

"दादा, चाल मी आईच्याच नावाने नोंदवलीय. वारस म्हणून तिचा सगळा वाटा तुझ्या खात्यात जाईल असं लिहून दिलंय. तुला चकित करायचं होतं, म्हणून बोलले नाही."

दादाला तिच्याकडे बघवेना. त्याने फोन काढला, दावा मागे घेतला आणि पडदा तिच्यापुढे धरला. तिने प्रत्येक ओळ वाचली. मग मालिकेवाल्यांना फोन लावला, त्यांचं 'चालेल' ऐकलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

"आता तो वाटा..." दादाने चाचरत विचारलं.

"तो आईचा आहे, तुला मिळेल," ती उठत म्हणाली. "पण पासवर्ड दे. यापुढे माझी गाणी मीच चढवेन."